एक्केचाळीस नंबरचे बूट



पोस्ट मोठी आहे. मुलं झोपल्यावर चहा घेऊन निवांत वाचा. मुलगी असेल तर नक्की वाचा, मुलगा असेल तरी वाचा.

इथल्या शाळांमध्ये 'बोगी' नावाचा प्रकार असतो हे बाडेन-व्युर्टेम्बेर्गमधल्या पालकांना माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगते, रेल्वेचा डबा नव्हे! गिम्नाझियमच्या मुलांनी आठवडाभर कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम बघायचं. आमच्या गेर्लिंगेनमध्ये शिलरहोएवर बॉशचं मुख्यालय, त्यामुळे ओळखीतली बहुतेक मराठी मुलं आई किंवा बाबांच्या ऑफिसात जातात. आमच्या कन्येने बांधकाम कंपनी निवडली. साईट इंजिनियर काय करतो ते बघायचं म्हणाली.

साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, बांधकामावर? पोरीला घमेली उचलायला पाठवतेस का?" मी हसून विषय बदलला. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच चित्र आलं होतं.

पहिल्या दिवशी तिला हेल्मेट, पिवळं जॅकेट आणि सेफ्टी बूट मिळाले. तिचा पाय ३७ नंबरचा. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बुटांत सगळ्यात लहान जोड होता ४१. तिने दोन मोज्यांचे जोड चढवले. जॅकेट गुडघ्यापर्यंत, हेल्मेट मान खाली घातली की डोळ्यांवर. संध्याकाळी घरी आली तेव्हा दोन्ही टाचांना फोड. मंगळवारी जिन्याच्या पायरीवर बुटाचं पुढचं टोक अडकलं आणि पडता पडता वाचली. नवरा म्हणाला, "उरलेले तीन दिवस ऑफिसातच बसव म्हणावं तिला. नकाशे बघेल." बोलला तो काळजीपोटीच. पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, बूट चुकलाय, मी का आत बसायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी सीए आहे. आकडा जुळला नाही की मागे मागे जात पहिली चुकीची नोंद शोधायची, एवढंच मला येतं. म्हणून तेच केलं. ३७ नंबर त्या कपाटात का नव्हता?

उत्तराचा पहिला भाग आमच्या घराजवळच आहे. श्टुटगार्टला आलेल्या पाहुण्यांना आपण बिर्केनकोप्फच्या टेकडीवर नेतो ना? वर जुन्या इमारतींचे कोरीव दगड पडलेले आहेत, फोटो छान येतात. ती टेकडी युद्धात बेचिराख झालेल्या शहराच्या ढिगाऱ्याने सुमारे ४० मीटर उंच झाली आहे. १९५३ ते १९५७ या काळात तिथे जवळपास १५ लाख घनमीटर राडारोडा नेऊन टाकला. युद्धानंतरचा ढिगारा म्हटलं की जर्मन लोकांना आठवतात 'ट्र्युमरफ्राउएन', म्हणजे ढिगारे उपसणाऱ्या बायका. डोक्याला रुमाल, अंगात एप्रन किंवा नवऱ्याची जुनी पँट, हातात विटा. लिओनी ट्रेबर या इतिहास संशोधक बाईंनी २०१४ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं की या चित्रात बरीच भर नंतर पडली. बर्लिनमध्ये अशा बायका खूप होत्या, पण बहुतेक शहरांतलं मोठं काम व्यावसायिक कंपन्या आणि यंत्रांनी केलं. तरी बायका कामावर होत्या हे खरंच. १० जुलै १९४६ रोजी दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेने मुद्दाम कायदा करून बायकांना बांधकामावर घ्यायची मुभा दिली, कारण पुरुष पुरत नव्हते.

मुभा का द्यावी लागली? कारण आधी बंदी होती. १९३८ च्या कामाच्या वेळेच्या कायद्यात लिहिलं होतं की कुठल्याही बांधकामावर कच्चा माल आणि साहित्य वाहून नेण्याच्या कामाला बायका लावायच्या नाहीत. कारण दिलं होतं बायकांचं संरक्षण. पुरुष परत आले, देश उभा राहिला, आणि पश्चिम जर्मनीत ती बंदी पुढेही चालू राहिली. बाई रंगारी होऊ शकत होती, पण गवंडी म्हणून मुख्य बांधकामावर जाऊ शकत नव्हती. पूर्व जर्मनीत चित्र वेगळं होतं, तिथे बायका क्रेनवर बसत होत्या.

ही बंदी कधी उठली असेल? मी साठ-सत्तरचं दशक धरलं होतं. उत्तर आहे १ जुलै १९९४. त्याआधी १९९२ साली घटना न्यायालयाने कामगार स्त्रियांवरची रात्रपाळीची बंदी घटनाबाह्य ठरवली होती. त्यानंतर नवा कायदा आला आणि जुना १९३८ चा गेला. १९९४ साली मी शाळेत होते!

आता हिशोब मांडा. आधुनिक हेल्मेटचा उगम साधारण १९१९ चा. सॅन फ्रान्सिस्कोच्या बुलार्ड कंपनीने खाणकामगारांसाठी कॅनव्हासची कडक टोपी बनवली, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या शिरस्त्राणावरून सुचलेली. १९३३ मध्ये गोल्डन गेट पुलाचं काम सुरू झालं तेव्हा ती टोपी तिथे सक्तीची झाली. पुलाखाली जाळी बांधली होती, तिने १९ जणांचे जीव वाचवले. सगळे पुरुष. पुढची पन्नास-साठ वर्षं हेल्मेट, बूट, हातमोजे, उंचीवर बांधायचे पट्टे असे सुधारत गेले ते साईटवर असलेल्या माणसांच्या अंगाने. साईटवर बाई नाही, म्हणून तिच्या मापाची मागणी नाही. मागणी नाही म्हणून माल नाही. आणि माल नाही म्हणून आलेली पहिली बाई 'नाजूक' ठरते. कपाटात ३७ नंबर का नव्हता, त्याचं निम्मं उत्तर मला इथे मिळालं.

उरलेलं निम्मं पुण्यात आहे, आणि ते सांगताना मला थोडी लाज वाटते.

२००३ साली मी आर्टिकलशिप करत होते. एका बांधकाम साईटवर स्टॉक तपासायला आणि हजेरीपट बघायला आम्हाला पाठवलं होतं. इथे जर्मनीत जे काम बायकांना कायद्याने मना होतं, म्हणजे वीट, वाळू, माल वाहणं, नेमकं तेच काम तिकडे बायका करत होत्या. गवंडी पुरुष, माल देणारी बाई. हजेरीपटात पुरुष बिगारी आणि बाई बिगारी असे दोन दर, बाईचा कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ चा! मी तेव्हा सरांना विचारलं. काम वेगळं म्हणून दर वेगळा, असं उत्तर मिळालं.

त्याच फाईलमध्ये सेफ्टी बुटांचं बिल होतं. नंबर ७, ८, ९, १०. बिल होतं, चलन होतं, गोडाऊनमध्ये खोकी होती. मी हिरव्या पेनाने टिक केली. बाहेर बायका स्लिपर घालून, काही अनवाणी, उतरणीवरून घमेली नेत होत्या. गोडाऊनवाल्याला मी सहज विचारलं तर म्हणाला, "बायका घालत नाहीत मॅडम, सवय नाही त्यांना." मी मान डोलावली. सात नंबरचा बूट चार नंबरच्या पायात कसा राहील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आमच्या तपासणीत 'खर्च झाला का' हा रकाना होता. 'कोणाच्या पायात गेला' हा नव्हता.

त्या बायकांकडे मापात बसणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे चुंबळ. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून आपल्याच डोक्यावर बेतलेली. आणि डोक्यावर चुंबळ, तिच्यावर घमेलं, म्हटल्यावर हेल्मेट घालायचं कुठे? म्हणजे प्रश्न नुसत्या लहान-मोठ्या मापाचा नाही. ती काम कसं करते हे न बघताच सामान आणलं होतं.

आपल्याकडे बायका साईटवर नव्हत्या असं कोणी म्हणू शकत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, रस्ते आणि पाझर तलावांच्या कामाला हजारो बायका होत्या. आजी-आजोबांकडून सुकडीच्या गोष्टी ऐकल्या असतीलच. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बाईच्या बोटांना चिंधी बांधलेली असायची, ते तिचे हातमोजे.

बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा १९९६ साली आला. बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेस, आमच्या भाषेत लेबर सेस, तोही तेव्हाचाच. १९९८ च्या केंद्रीय नियमांत एकट्याने किती वजन उचलायचं तेही ठरलं, पुरुषाने ५५ किलो आणि बाईने ३० किलो. महाराष्ट्राचे नियम यायला २००७ उजाडलं, कल्याणकारी मंडळ २०११ चं. आता नोंदणी केलेल्या कामगारांना सुरक्षा संचही मिळतो. चांगलंच आहे. पण बाईने किती वजन उचलायचं याचा आकडा कागदावर आला, आणि तिच्या पायाचा नंबर मी पाहिलेल्या साईटवर कोणाच्याच कागदावर नव्हता.

एका देशाने बायकांना साईटवर येऊच दिलं नाही. दुसऱ्या देशात त्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या, पण हिशेबात धरल्या नाहीत. कपाटातला बूट दोन्हीकडे सारखाच.

बरं, मापाचं एवढं काय? बूट सैल असला की पाऊल आत सरकतं, लोखंडी टोपी बोटांवर न बसता भलतीकडेच राहते. हातमोज्याची बोटं लांब असली की पकड जाते आणि टोक यंत्रात अडकतं. चष्मा रुंद असला की बाजूने धूळ जाते. पट्टा छातीवर नीट बसला नाही तर पडताना तोच इजा करतो. आणि बाईचं माप म्हणजे पुरुषाचं लहान माप नव्हे, टाच अरुंद, खांदे-कंबर यांचं प्रमाण वेगळं. मार्च २०१९ मध्ये नासाचा दोन स्त्रियांचा स्पेसवॉक ठरल्याप्रमाणे झाला नाही, कारण योग्य मापाचा दुसरा सूट तयार नव्हता. तो शेवटी ऑक्टोबरमध्ये झाला. नासाची ही कथा, तर बाकीच्यांचं काय!

कायदा मात्र इथे स्पष्ट आहे. युरोपचा १९८९ चा निर्देश म्हणतो की साधन घालणाऱ्याला नीट बसलं पाहिजे. जर्मनीचा डिसेंबर १९९६ चा नियम त्याहून सरळ आहे. साधन प्रत्येक कर्मचाऱ्याला वैयक्तिकरीत्या बसलं पाहिजे आणि ते मुळात एकाच व्यक्तीच्या वापरासाठी असतं. खर्च मालकाचा, कामगाराच्या पगारातून कापायचा नाही. अमेरिकेतल्या मित्रमैत्रिणींसाठी: तुमच्याकडे कारखान्यांना ही अट आधीपासून होती, बांधकामासाठी ती स्पष्ट शब्दांत १३ जानेवारी २०२५ पासून लागू झाली.

हे सगळं मंगळवारी रात्री वाचून मी बुधवारी सकाळी कंपनीत फोन केला. भांडायला नाही. एवढंच म्हटलं की मुलीचा पाय ३७ आहे, बूट ४१ आहे, नियम असा आहे, काय करता येईल? सुरक्षेचं काम बघणारे गृहस्थ दोन सेकंद गप्प झाले. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. याआधी कोणी विचारलं नव्हतं." बुधवारी ती ऑफिसात बसली. गुरुवारी ३७ नंबरचे बूट आले, हेल्मेट मागच्या चाकाने आवळून दिलं (ते चाक सोमवारीही होतंच, कोणी दाखवलं नव्हतं). शुक्रवारी पोरगी चिखलाने माखून, खुशीत घरी.

म्हणून मंडळी, मुलं प्राक्टिकुमला जाणार असतील, साईट असो, वर्कशॉप असो की लॅब, तर दोन आठवडे आधी एक मेल पाठवा. बुटाचा नंबर, डोक्याचा घेर, हातमोज्याचं माप, उंची. आणि घालून बघितल्यावर खरं सांगायला मुलांना शिकवा. आपली मुलं 'चालेल, चालेल' म्हणतात. ते आपणच शिकवलंय. परक्या देशात फार मागू नये, मिळालं ते गोड मानावं. मीही अकरा वर्षं तेच केलं. पण न बसणारा बूट गोड मानून घेण्याची गोष्ट नाही.

आणखी एक. सुट्टीत भारतात गेल्यावर तुमच्यापैकी कोणाचं घराचं, फ्लॅटचं काम चालू असेल, तर टाईल्स बघताना खाली पायांकडेही बघा. ठेकेदाराला विचारा की बायकांचे नंबर कोणते आणलेत. पैसे आपण देतो, आपल्याला विचारता येतं. मी या डिसेंबरमध्ये साताऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्याचं काम काढतेय. अंदाजपत्रकात बुटांची ओळ मी स्वतः घातली आहे, नंबर ४, ५ आणि ६.

सासूबाईंना शुक्रवारचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं, "बूट चांगले आहेत. साताऱ्यात मिळतील का?"