बिल्बीच्या घरात औंढा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याच्या शिवारात, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या या प्रकल्पासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. यंत्र सुरू व्हायला वेळ आहे, पण औंढ्याचं नाव संगणकाच्या कोडमध्ये केव्हाच जाऊन बसलं आहे.

गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत लायब्ररींची, म्हणजे तयार कोडच्या संचांची, जुनी नावं आद्याक्षरांची. ‘एलएएल’ म्हणजे लायगोची अल्गोरिदम लायब्ररी. ‘पायसीबीसी’मधला ‘पाय’ पायथन या संगणकभाषेचा. उरलेली तीन अक्षरं एकमेकांभोवती फिरत अखेर एकजीव होणाऱ्या कृष्णविवरांसारख्या जोड्यांची. ही नावं चोख आहेत, पण बाहेरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. पायथनचे जनक गिडो व्हान रोसम यांनी भाषेचं नाव सापावरून नव्हे, ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून घेतलं होतं. तो मोकळेपणा इथे जरा उशिरा आला.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाने 2019 मध्ये आपल्या लायब्ररीवरचा शोधनिबंध छापला, तेव्हा तिचं नाव होतं ‘बिल्बी’. बेझियन अनुमानाची, म्हणजे निरीक्षणांवरून शक्यता काढण्याची, ही लायब्ररी. नाव मात्र तिकडच्या लांब कानांच्या, दुर्मिळ होत चाललेल्या प्राण्याचं. पुढे जर्मनीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने ‘डिंगो’ आली. तोही ऑस्ट्रेलियाचाच रानकुत्रा.

अशी नावं निव्वळ हौसेपोटी येत नाहीत. पायथनच्या सार्वजनिक भांडारात एक नाव एकाच प्रकल्पाला मिळतं. कॅपिटल-स्मॉल अक्षरं किंवा मधली रेघ बदलून ते वेगळं ठरत नाही. लोक लायब्ररी मागवतात ती तेच नाव टाइप करून, आणि पुढे ते बदललं तर ती वापरणाऱ्या प्रत्येकाचा कोड अडतो. म्हणून नाव लहान, बिनचूक टाइप होणारं आणि कुणी न घेतलेलं लागतं.

वेधशाळांची चिन्हं याहून आखूड: अमेरिकेतल्या हॅनफर्डची एच-वन, लिव्हिंगस्टनची एल-वन, जपानच्या काग्राची के-वन. शोधनिबंधांत आपली वेधशाळा ‘लायगो-औंढा’ झाली आणि चिन्ह मिळालं ए-वन. देशाचं अक्षर न घेता गावाचं घेतलं, हे मला फार योग्य वाटतं. बिल्बीतही औंढ्याचे अक्षांश-रेखांश याच चिन्हाखाली नोंदले आहेत.

हिंगोलीच्या पोरापोरींनो, उद्या इथल्या विदेवर तुमची लायब्ररी लिहाल तेव्हा नाव इथल्या रानातलं घ्या: टिटवी, रोही, काळवीट. फक्त भांडारात ते मोकळं आहे ना, एवढं आधी बघा.