बहात्तरावा हिस्सा

शाहूवाडी तालुक्यात दिवाळीच्या तोंडावर अंगणाअंगणात जे किल्ले उभे राहतात, त्यांची मापे कुणी पट्टी लावून काढली तर मोठी गंमत दिसेल. दगड-विटा रचून, त्यावर ओले पोते टाकून, चिखल थापून केलेला डोंगर फार तर कमरेएवढा, म्हणजे मीटरभर उंच. खरा डोंगर पायथ्यापासून तीनशे मीटर धरला तर हे प्रमाण झाले एकास तीनशे. या हिशेबाने साडेपाच फुटी मावळा साडेपाच मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा व्हायला हवा. कुंभाराकडून आणलेला मावळा मात्र बोटभर तरी असतोच आणि सिंहासनावरचे महाराज त्याहून मोठे. पहारेकरी बुरुजाच्या बरोबरीने उभा, मावळ्याने मान मोडली तरी दरवाजातून आत शिरता येऊ नये, आणि उगवलेले अळीव म्हणजे निबिड अरण्य. विशाळगड आणि पावनखिंड याच तालुक्यातली, तेव्हा मूळ कसे आहे हे कुणाला ठाऊक नाही असेही नाही. तरीही या प्रमाणभंगाबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण किल्ल्याकडून एकच मागणी असते: पाहताक्षणी ओळखू आला पाहिजे. तांदळाएवढे शिवाजी महाराज मापाला बरोबर ठरले असते, पण त्यांना ओळखले कुणी असते?

लढाऊ विमानांच्या प्रतिकृती जोडून रंगवण्याचा छंद वरवर पाहता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिथे खोक्यावरच १/७२ किंवा १/४८ असा आकडा छापलेला असतो, आणि पंख अर्ध्या मिलिमीटरने आखूड निघाला तर त्यावर जाणकारांची भांडणे होतात. म्हणून हा छंद म्हणजे मोजमापाचे वेड, आणि आपला किल्ला म्हणजे पोरखेळ, अशी वाटणी सहज केली जाते. ही वाटणी मला पटत नाही. विमानांच्या या छंदाची कुळकथा नीट पाहिली तर मोजमापाला मान मिळाला तो ओळख पटवण्याच्या गरजेमुळे, आणि आजही जिथे माप आणि ओळख यांचे जमत नाही तिथे छांदिष्ट लोक मुकाट्याने मापच सोडतात.

आधी त्या बहात्तराचे पाहू. मीटर-सेंटिमीटरमध्ये वाढलेल्याला हा आकडा अडनिडा वाटतो. शंभर नाही, पन्नास नाही, बहात्तरच का? उत्तर फूट-इंचात आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. सहा फुटी माणूस एक इंचाचा करायचा म्हटले की बाकी सगळे आपोआप बहात्तराव्या हिश्शात येते. म्हणजे हिशेबाची सुरुवात विमानापासून नव्हे, त्यात बसणाऱ्या वैमानिकापासून झाली. इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स हे स्टीव्हन्स यांनी ‘स्कायबर्ड्‌स’ नावाचे लाकूड आणि धातूचे संच याच प्रमाणात आखले. १९३६मध्ये ‘फ्रॉग’ कंपनीने त्याच प्रमाणात सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकची विमाने काढली. या कंपनीची आधीची विमाने खरोखर उडणारी होती. ही नवी नुसती ठेवायची, म्हणून मालिकेला नाव दिले ‘पेंग्विन’, पंख असून न उडणाऱ्या पक्ष्याचे. त्याआधी बाजारात पत्र्याची विमाने होतीच. पण पत्र्याचा तुकडा पुरेल तेवढे पंख आणि चावी मावेल तेवढे पोट, असा त्यांचा कारभार. एकाच प्रमाणात केल्यावर मात्र लढाऊ आणि बाँबफेकी विमान एका फळीवर शेजारी ठेवता येऊ लागले, आणि कोण केवढे हे नजरेला कळू लागले. पुढे मीटरमध्ये मोजणाऱ्या जपानी कंपन्यांनीही हा आकडा तसाच ठेवला.

यावर कुणी म्हणेल, की ही तर शांततेच्या काळातली दुकानातली खेळणी झाली. यात ओळख पटवण्याचा संबंध कुठे आला? हरकत रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच, की या छंदाचे देवकी-यशोदेसारखे आहे: जन्म एका घरी, वाढ दुसऱ्या घरी. ते दुसरे घर म्हणजे दुसरे महायुद्ध. युद्ध जाहीर होऊन तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांनी शत्रूची समजून आपल्याच हवाई दलाची दोन हरिकेन विमाने पाडली. एक वैमानिक मारला गेला. त्या युद्धात मेलेला हा पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक, आणि तोही आपल्याच गोळीने. आकाशात काही सेकंद दिसणारी आकृती आपली की परकी हे ठरवणे ही जिवावरची गोष्ट आहे, हे त्यानंतर शिकवावे लागले नाही. कसे ओळखायचे ते मात्र शिकवावे लागले, आणि त्यासाठी बहात्तरावा हिस्सा फार सोयीचा ठरला. हिशेब साधा आहे. बहात्तराव्या हिश्शाचे विमान दहा मीटरवरून पाहिले तर ते सातशे वीस मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. म्हणजे शाळेच्या एका वर्गखोलीत पाऊण किलोमीटर आकाश मावते. अमेरिकी नौदलाने १९४२मध्ये शाळांच्या सुतारवर्गांकडून या प्रमाणातली पाच लाख लाकडी विमाने मागवली. पोरांनी तासून, घासून ती करायची आणि काळ्या रंगात रंगवायची. काळ्याच का? कारण आकाशाच्या उजेडापुढे खरे विमान काळेच दिसते. रंग कळण्याइतके ते जवळ आले तर ओळखायला वेळच उरत नाही. म्हणजे हे मॉडेल सगळ्यात जास्त लष्करी होते तेव्हा त्याला रंगच नव्हता.

रंगाची कथा वेगळी आहे आणि मला ती अधिक रंजक वाटते. लढाऊ विमानावरच्या रंगाला दोन परस्परविरोधी कामे असतात: शत्रूपासून लपवायचे आणि मित्राला दाखवायचे. करडे-हिरवे पट्टे पहिल्या कामाचे, पंखांवरची वर्तुळे दुसऱ्या कामाची. ही दोन्ही कामे एकमेकांना कशी नडतात याचा आपल्याकडचाच दाखला आहे. ब्रिटिश वर्तुळाच्या मधोमध लाल ठिपका असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांचे चिन्ह म्हणजे लाल गोळा. गोंधळ नको म्हणून तिथल्या ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलाच्या विमानांवरचा लाल रंगच काढून टाकला गेला आणि वर्तुळे फिक्या-गडद निळ्यात रंगली. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आले, मग आजचे तिरंगी वर्तुळ. खेळण्याच्या विमानाला सुंदर रंग पुरतो. इथे मात्र वर्तुळातला एक रंग चुकला की विमानाचे वर्ष, आघाडी आणि देश सगळेच चुकते.

युद्ध संपले आणि ही ओळखण्याची सवय घरी आली. इंजेक्शन मोल्डिंगने पॉलिस्टायरीनचे भाग स्वस्तात पडू लागले होते. लंडनमध्ये १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने काढलेली ‘एअरफिक्स’ ही कंपनी सुरुवातीला रबरी खेळणी आणि मग कंगवे करत असे. तिने १९५३मध्ये बहात्तराव्या हिश्शातली स्पिटफायर बाजारात आणली. हे मॉडेल खऱ्या विमानावरून केलेले नव्हते. एका अमेरिकी कंपनीच्या मोठ्या मॉडेलवरून लहान केलेले होते, म्हणजे नकलेची नक्कल. आकारात चुका होत्या. तरी ते चालले, कारण लंबगोल पंख दिसताच ही स्पिटफायर आहे हे ब्रिटनमधले शेंबडे पोरही सांगू शकत होते. कुंभाराचा मावळा ज्या कारणाने चालतो, अगदी त्याच कारणाने.

आता कुणी म्हणेल, की ती जुनी गोष्ट झाली. आजचे किट संगणकावर आखलेले, केसभरही न चुकणारे असते. तर मग एक आजचे मॉडेल हातात घेऊन पाहू. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४मध्ये मिग-२१ या लढाऊ विमानासाठी उभा राहिला, म्हणून मिगच घेऊ. खऱ्या मिगच्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर, बहात्तराव्या हिश्शात ती दहा सेंटिमीटरलाही किंचित कमी, तळहातावर मावेल एवढी. विमानाच्या अंगावर पत्र्यांचे सांधे असतात. खरा सांधा मिलिमीटरभर धरला तर मॉडेलवर तो मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाएवढा, केसापेक्षा कितीतरी बारीक, अर्थात न दिसणारा. पण मॉडेलवर तो कोरलेला असतो आणि छांदिष्ट त्यात पातळ काळा रंग सोडून, वरचा पुसून, तो मुद्दाम उठावदार करतात. ही रेघ ०.१५ मिलिमीटरची असली तरी खऱ्या विमानावर ती जवळपास अकरा मिलिमीटरची फट झाली, बोट जाईल एवढी. असे विमान कुठलाही तंत्रज्ञ धावपट्टीवर नेऊ देणार नाही. पंखाची मागची कडा प्लास्टिकमध्ये अर्धा मिलिमीटर जाड असते. खऱ्यात ते छत्तीस मिलिमीटर होतील, आणि खरी कडा तर पात्यासारखी असते. तांदळाएवढ्या मावळ्याच्या जागी बोटभर मावळा ठेवणे आणि न दिसणाऱ्या सांध्याच्या जागी दिसणारी रेघ काढणे, या दोन कृतींत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही.

रंगाचेही तेच. कंपनीच्या नमुन्याप्रमाणे हुबेहूब रंग दिला तर छोटे मॉडेल जास्तच गडद दिसते, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा, असा या छंदातला जुना सल्ला आहे. कारण सांगतात ते हवेचे: लांबची वस्तू फिकी दिसते, आणि छोटे मॉडेल म्हणजे लांबचे विमान. आंबा घाटातून पाहिले तर जवळचा डोंगर हिरवा आणि पलीकडची रांग निळसर दिसते, हे खरेच आहे. पण हिशेब करून पाहा. फूटभर, म्हणजे तीस सेंटिमीटरवर धरलेले मॉडेल हे साधारण बावीस मीटरवरचे विमान झाले. बावीस मीटर हवेने कुठला रंग फिका होतो? सल्ला बरोबर, कारण चुकीचे. मोठ्या पृष्ठभागावरचा रंग डोळ्याला उजळ वाटतो आणि तोच रंग लहान तुकड्यावर गडद वाटतो; घराला रंग देणाऱ्या प्रत्येकाने नमुन्याच्या चिठ्ठीवर आणि भिंतीवर हा फरक पाहिलेला असतो. म्हणजे इथेही छांदिष्ट मोजलेल्या रंगाला नव्हे, तर पाहणाऱ्याच्या डोळ्याला खरे ठरवतो.

दुसरी हरकत अशी, की किल्ला हाताने घडतो आणि किट नुसते जोडायचे असते. कारखान्याने पाडलेले भाग चिकटवण्यात कसले कसब? हे म्हणणाऱ्याने मिगच्या पोटाचे दोन अर्धे एकदा चिकटवून पाहावेत. मधला सांधा भरायचा, सुकू द्यायचा, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचा, प्रायमर मारून पाहायचे, की घासलेली जागा लगेच उघडी पडते. मिगला चकाकता धातूचा रंग द्यायचा असेल तर एक ओरखडाही लपत नाही. त्यातून शाहूवाडीसारखा पावसाचा मुलूख असेल तर जुलै-ऑगस्टात लॅकर मारायची सोयच नाही: द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. हे कोरड्या प्रदेशात छापलेल्या सूचनापत्रात सापडत नाही, हाताला शिकावे लागते.

तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. ही यंत्रे माणसे मारण्यासाठी बनली. त्यांना फळीवर मांडून कौतुकाने पाहणे बरे का? किल्ल्यावरही तोफा असतात हे उत्तर पुरेसे नाही. किल्ल्यासोबत कथा येते. विशाळगड केला की १६६० सालचा जुलै, बाजीप्रभू आणि खिंड हे सगळे सांगितले जाते, मेलेल्यांची आठवण त्यात असते. खोक्यातल्या विमानासोबत फक्त चित्र येते, आणि चित्रात विमान नेहमी जिंकतच असते. म्हणूनच या छंदातली गंभीर मंडळी ‘एक मिग’ कधी करत नाहीत. अमुक क्रमांकाचे, अमुक स्क्वाड्रनचे, अमुक महिन्यातले, अमुक वैमानिकाचे विमान करतात. ते परत आले की नाही, हे त्यातूनच कळते. हरकत त्याने पुरती मिटत नाही, पण यंत्राला निदान माणूस जोडला जातो.

अशी एकेका विमानाची ओळख पटवणे भारतीय मिगच्या बाबतीत सोपे नाही. १९७१च्या युद्धाच्या वेळी बऱ्याच चकाकत्या मिग-२१ विमानांवर घाईघाईने हिरवे-मातकट रंग चढवले गेले. त्यांचा एकच ठरलेला नमुना नव्हता. दोन विमानांवरचे पट्टे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून रंगाची डबी उघडण्याआधी छायाचित्र शोधावे लागते. ते मिळाले तरी बहुतेकदा कृष्णधवल आणि एकाच बाजूचे, त्यामुळे हिरवा कुठला आणि मातकट कुठला हे छटांवरून ताडायचे, आणि विमानाची दुसरी बाजू अंदाजानेच रंगवायची.