सहाशे-सोळाचं चाक

कोल्हापूरहून गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पंक्चर आणि रिमोल्डिंगचं दुकान. वडिलांच्या काळात जीपवाल्याला टायरची साइज विचारावी लागत नसे. 6.00-16, बोलताना ‘सहाशे-सोळा’. टायर सहा इंच रुंद, रिम सोळा इंची, उभं चाक सुमारे 28 इंच.

1930 च्या दशकातल्या अमेरिकन मोटारींचं हे नेहमीचं माप. 1941 पासून विलिज आणि फोर्डच्या कारखान्यांतून निघालेल्या लष्करी जीपनी तेच घेतलं. नक्षी मात्र आडव्या जाड पट्ट्यांची, रुतलेली गाडी मागं घेतानाही तेवढीच पकड मिळावी म्हणून. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत विलिजच्या जीपची जुळणी सुरू केली, आणि गाडीबरोबर चाकही इकडं आलं.

एवढं अरुंद चाक चिखलात कसं चालायचं, असं आजची पोरं विचारतात. आमच्याकडं पावसाळ्यात वर वीतभर लाल राड, खाली मुरूम नाहीतर जांभा. अरुंद चाक राड कापून खाली जातं आणि मुरूम धरतं. रुंद चाक वरच घसरतं, गाडी गटारीकडं सरकते. वाळूत नेमकं उलटं. त्याच महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात फिरणाऱ्या ब्रिटिशांच्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’नं, राल्फ बॅग्नोल्डच्या तिथल्या जुन्या अनुभवावर, शेव्हरोले ट्रकांना साडेदहा इंची टायर लावले आणि हवा कमी ठेवून ते चालवले. त्या वाळूत खाली धरायला काही नसतं, वरच राहावं लागतं.

खेड्यात सहाशे-सोळा टिकलं त्याचं मोठं कारण मला वेगळंच वाटतं. ट्रॅक्टरचं पुढचं चाकही त्याच मापाचं. नक्षी निराळी, उभ्या रेघांची, पण ट्यूब तीच चालायची. उसाच्या हंगामात राधानगरीकडच्या एखाद्या वाडीत जीपची ट्यूब फाटली, तर शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडं दुसरी मिळायची.

काहीजण हट्टानं मोठी चाकं मागायचे. पाटे वाढवले की गाडीची बॉडी वर जाते, पण दगडाला आपटणारा डिफरन्शियलचा गोळा होता तिथंच राहतो. तो फक्त मोठ्या चाकानं उचलला जातो, तोही चाकाचा व्यास दोन इंच वाढवला तर एक इंच. त्यापायी घाटात इंजिनाला ओढ कमी पडते आणि क्लच जळतो. वडील स्टेअरिंग पुरतं वळवायला लावायचे, टायरच्या कडेला खडू फासायचे आणि गाडी मागं-पुढं घ्यायला सांगायचे. पाट्यावर पांढरा ओरखडा उठला की ते चाक बसवून देत नसत.

2020 मध्ये आलेल्या नव्या थारला कंपनीनं 255/65 R18 आणि 245/75 R16 अशी दोन मापं दिली. अठराची रिम दिसते देखणी. पण सोळाच्या रिमवर टायरची बाजू 184 मिलिमीटर भरते, अठराच्या रिमवर 166. हवा कमी करून दगडांवर चढताना हीच बाजू दबते आणि रिम वाचवते. म्हणून घाटवाटांना जाणाऱ्याला मी सोळाचीच रिम घ्यायला सांगतो.