पाचोळा, पेट्रोल आणि उपोषण : लीफ ब्लोअरचा वादग्रस्त इतिहास

#थ्रेड

जानेवारी १९९८. लॉस एंजेलिसच्या महापालिकेसमोर काही माळी उपोषणाला बसले होते. बहुतेक जण मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेले, इतरांच्या बागा राखून पोट भरणारे. त्यांची मागणी ऐकून आज कुणालाही हसू येईल : पाने उडवणारे यंत्र आमच्या हातातून काढून घेऊ नका.

यंत्राचे नाव लीफ ब्लोअर. आपल्याकडे खराट्याचे राज्य अजून शाबूत असल्यामुळे अनेकांनी ते पाहिलेही नसेल. शेतात पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप आठवा. तशीच याची ठेवण. पाठीवर पेट्रोलचे छोटे इंजिन, हातात नळी आणि नळीतून ताशी जवळजवळ ३०० किलोमीटर वेगाने सुटणारा वारा. पाने उडतात. त्यांच्यासोबत धूळ, परागकण आणि वाळलेली विष्ठाही उडते. हे यंत्र कचरा उचलत नाही, केवळ हलवते. माझ्या दारातला पाचोळा तुमच्या दारात गेला की काम संपले! शेजाऱ्यांच्या भांडणांचे बीज इथेच आहे.

जपानी अभियंत्यांनी विकसित केलेले हे यंत्र १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत आले. त्याच्याविषयीची चीड मात्र वर्षानुवर्षे साचत बसली नाही. ती यंत्रापाठोपाठच आली. कार्मेल-बाय-द-सी या समुद्रकाठच्या चिमुकल्या गावाने १९७५ मध्येच बंदी घातली. (उंच, निमुळत्या टाचांची पादत्राणे घालायला परवाना लागेल, असा नियम १९६३ मध्ये करणारे गाव हेच. तेव्हा नवल नाही.) श्रीमंतांच्या बेव्हर्ली हिल्सनेही त्याच दशकात तीच वाट धरली.

पण त्याच सुमारास, १९७६-७७ मध्ये, कॅलिफोर्नियात भीषण दुष्काळ पडला. तोवर अंगणे आणि पदपथ रबरी नळीने पाणी मारून झाडले जात. पाण्यावर निर्बंध आले आणि ती नळी बंद झाली. काम तर थांबणार नव्हते. ब्लोअर घरोघरी पोहोचला तो अशा रीतीने, पाणी वाचवण्याच्या सरकारी आग्रहाचा हात धरून. पुढे त्याला गुन्हेगार ठरवताना हा भाग बहुतेकांच्या विस्मरणात गेला.

आता वापरणाऱ्यांकडे वळू. दक्षिण कॅलिफोर्नियातील बागकाम हा दीर्घकाळ जपानी-अमेरिकनांचा व्यवसाय होता. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना छावण्यांत डांबण्यात आले. सुटल्यावर जमिनी आणि दुकाने गमावलेल्या अनेकांनी कात्री व दाताळे हाती घेतले. १९५५ मध्ये त्यांनी आपला महासंघही उभारला. त्यांची मुले शिकून अन्य व्यवसायांत गेली आणि ती जागा लॅटिन अमेरिकी स्थलांतरितांनी घेतली. त्यांचे उत्पन्न महिन्याच्या पगारावर नव्हे, तर दिवसभरात किती घरे उरकतात यावर ठरे. खराट्याने झाडायचे तर घरे कमी होणार आणि मालक दर वाढवून देणार नाही. सारा हिशेब इतकाच होता.

डिसेंबर १९९६ मध्ये लॉस एंजेलिस महापालिकेने निवासी घरापासून ५०० फुटांच्या आत पेट्रोलवरील ब्लोअर वापरण्यास बंदी घातली. पीटर ग्रेव्ह्ज, मेरेडिथ बॅक्स्टर यांसारखे कलावंत बंदीच्या बाजूने उभे राहिले. माळ्यांनी संघटना बांधली, मोर्चे काढले आणि शेवटी उपोषण केले. शिक्षेची तीव्रता कमी झाली, तरी बंदी १९९८ मध्ये लागू झालीच.

त्रस्त रहिवाशांची बाजू खोटी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. जुन्या स्कूटरच्या धुराचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना टू-स्ट्रोक इंजिन समजावून सांगायला नको : तेल मिसळलेल्या पेट्रोलचा मोठा भाग न जळताच बाहेर पडतो. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाच्या हिशेबाने मोठा ब्लोअर तासभर चालवला तर धुरके निर्माण करणारे प्रदूषण एक नवी मोटार लॉस एंजेलिसहून डेन्व्हरपर्यंत, म्हणजे सुमारे १,७७० किलोमीटर, नेल्याइतके होते. त्याच्या आवाजातला खालच्या पट्टीचा घुमारा बंद खिडक्यांनाही जुमानत नाही. मात्र तो धूर सर्वांत जवळून कोण हुंगत होते आणि तो आवाज कुणाच्या कानाशी होता? तक्रार करणाऱ्याच्या नव्हे, तर यंत्र पाठीवर घेणाऱ्याच्या. उपोषणाला बसलेला माणूस स्वतःच्या फुप्फुसांविरुद्ध लढत होता आणि बंदी घालणाऱ्या शहराने त्याला दुसरा परवडणारा मार्ग दिलेला नव्हता. या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत लाजिरवाणी बाब हीच.

व्हायचे तेच झाले. बंदी कागदावर राहिली, अंमलबजावणी ढिली पडली आणि ब्लोअर घुमत राहिले. राजधानी वॉशिंग्टनने १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलवरील ब्लोअरना मनाई केली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून अशा लहान इंजिनांच्या नव्या यंत्रांची विक्री २०२४ पासून बंद करण्याचे ठरवले. या वेळी छोट्या व्यावसायिकांना बॅटरीवरील अवजारे घेता यावीत म्हणून ३ कोटी डॉलरची तरतूदही झाली. राज्याचा हा कायदा फक्त नव्या यंत्रांच्या विक्रीपुरता आहे. आधीच घेतलेला जुना ब्लोअर वापरायला त्याची हरकत नाही.