नोटांच्या बासनाची कुळकथा

नाणे जपण्याची विद्या मनुष्याला फार लवकर साधली. कसा, मडके, भिंतीतला कोनाडा आणि वेळप्रसंगी चुलीखालची जमीन एवढ्या साधनांवर शेकडो पिढ्यांचे भागले, कारण धातू ओलीत पडून राहिला तरी घासूनपुसून पुन्हा बाजारात उभा राहतो. कागदाला ही सवलत नाही. आणि तो कागद वीतभर रुंद व त्याहून लांब असला, तर त्याला ठेवावे कोठे आणि कसे, हा प्रश्न कागदी चलनाइतकाच जुना आहे. चलनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मात्र राजे, टांकसाळी आणि हुंडणावळीचे दर यांच्या गर्दीत त्याची फारशी दखल घेतलेली नाही.

चीनमध्ये मिंग राजवटीने इसवी सन १३७५ पासून काढलेली एक क्वानची नोट सुमारे ३४ सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे कचेऱ्यांतून आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या छपाईच्या कागदाहून अंमळ मोठीच होती. तुतीच्या सालीच्या लगद्याचा तो करडा, जाडसर कागद; त्यावर निरक्षरालाही मोल कळावे म्हणून नाण्यांच्या दहा माळा चितारलेल्या. एवढे पान व्यापाऱ्याने अंगरख्यात बाळगायचे तर घडी घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. घडी हा मोठ्या नोटेचा जन्मजात व्याधी होय. तंतू जेथे एकदा मोडतात तेथेच मळ साचतो, तेथेच ओल धरते आणि अखेर कागद तेथेच दुभंगतो. चौघडी घातलेल्या नोटेच्या नेमक्या मध्यावर पडणारे भोक संग्राहकांच्या ओळखीचे आहे.

कागदी चलनाचा हा चिनी शोध मिंगांच्याही आधी आमच्या प्रांताच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थबकला, ही हकीगत मोठी मनोरंजक आहे. आमच्या शेंद्र्याहून जालना रस्त्याने पश्चिमेस निघून चिकलठाणा आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहर ओलांडले की पुढे देवगिरीचा दुर्ग दिसू लागतो. १३२७ मध्ये राजधानी तेथे हलवणाऱ्या महंमद तुघलकाने दोन-तीन वर्षांतच, चीनच्या आणि १२९४ मध्ये इराणात फसलेल्या कागदी चलनाच्या धर्तीवर, केवळ सरकारच्या शब्दावर चालणारे चलन काढले; पण ते काढले तांब्यापितळेचे. घरोघरी टांकसाळी निघाल्या, अशी तक्रार समकालीन बखरकार झियाउद्दीन बरनी करतो, आणि अखेर ती खोटी-खरी नाणी चांदी देऊन परत घेण्याची पाळी सुलतानावर आली. दौलताबादेस, म्हणजे या देवगिरीसच, पाडलेली ती पितळी नाणी आजही संग्रहांतून आढळतात. त्याच दुर्गाच्या शेजारी, खुलताबादच्या वाटेवर, कागजीपुरा नावाचे हातकागदाचे गाव आहे आणि तेथील परंपरा आपला आरंभ त्याच तुघलकी काळाशी जोडते. चलनाची कल्पना आणि कागदाचे कसब एकाच डोंगराच्या पायथ्याशी राहूनही त्यांची गाठ पडली नाही, याचा खेद करावा की समाधान मानावे, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. कागदाची नक्कल तांब्याहून अवघड ठरली असती असे मानण्यास आधार नाही.

कागद सांभाळण्याचे शास्त्र मात्र मराठी दफ्तराने याच भूमीत सिद्ध केले. वराता, सनदा, हुंड्या, ताळेबंद, म्हणजे ज्यांच्या एका ओळीवर हजारो रुपये हात बदलत असे कागद, बासनात बांधून ठेवण्याचा जो प्रघात पेशवाईत रूढ झाला, त्याचा अवशेष पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांच्या रूपाने अजून पाहावयास मिळतो. बासनाचा खारवा लाल, जाड आणि सुती; आत वेखंडाची पुरचुंडी किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला; आणि पावसाळा सरला की उघडून, वारा देऊन, झटकून पुन्हा बांधण्याची शिस्त. सुती कापड श्वास घेते. आत शिरलेली ओल ते बाहेरही जाऊ देते. त्याचा दोष एवढाच की दफ्तरबंद हात गाठ आवळताना कडांची गय करीत नाही, म्हणून बासनातल्या वरच्या आणि खालच्या कागदांचे कोपरे हटकून चुरगळलेले सापडतात. पोथीवाल्यांनी यावर तोडगा काढला होता: पोथीच्या मापाच्या दोन फळ्या, मध्ये पाने, आणि मग वस्त्र. मोठी नोट सपाट ठेवण्याची जी पद्धत आज जगभर शिफारसली जाते तिचे बीज मला या दोन फळ्यांत दिसते.

सरकारी नोट हिंदुस्थानात आली ती १८६१ च्या कायद्याने. विलायतेत हाताने ओतलेल्या पातळ कागदावरील, एकाच बाजूस छापलेल्या त्या नोटा आजच्या मानाने ऐसपैस होत्या आणि प्रत्येक नोट आपापल्या चलनमंडळापुरतीच हक्काने वटत असे. वऱ्हाडातले अकोलाही काही काळ असे मंडळ होते. टपालातील चोरीचे भय मोठे होते, म्हणून व्यापारी शंभराची नोट मधोमध कापून एक अर्धुक आज आणि दुसरे, पहिल्याची पोच आल्यावर, पाठवीत. नोटेवर क्रमांक दोन ठिकाणी छापलेला असल्यामुळे दोन्ही तुकड्यांची ओळख पटे. मुक्कामी पोचल्यावर पाठीमागे कागदाची पट्टी खळीने चिकटवून नोट सांधली जाई. आज लिलावात येणाऱ्या कित्येक नोटांच्या पाठीवर ती पट्टी दिसते. बोटाने हलकेच चाचपली तर सांध्याजवळ कागद किंचित ताठर लागतो आणि उजेडापुढे धरल्यास जलचिन्हाची नागमोडी रेघ मधेच तुटून पुढे सरकलेली दिसते. कसरीला ही खळ फार प्रिय. सावकाराच्या पत्र्याच्या पेटीत, गड्डीला टोचलेल्या टाचणीच्या गंजाने आणि या खळीने मिळून जेवढ्या नोटांचा घास घेतला, तेवढा आगीने घेतला नसेल असे माझे मत आहे.

हैदराबाद संस्थानातील मराठवाड्यात सरकारी नोट खेळू लागली ती मात्र निजामाची. संस्थानिकांनी कागदी चलन काढू नये असा इंग्रजांचा कटाक्ष होता. परंतु पहिल्या महायुद्धात चांदीचा दुष्काळ पडला, हैदराबादने युद्धाला हात सैल सोडून मदत केली, आणि १९१८ मध्ये दहा व शंभर रुपयांच्या उस्मानिया सिक्क्याच्या नोटांना परवानगी मिळाली. पुढल्या वर्षी एक आणि पाच रुपयांच्या, तर १९२६ मध्ये हजाराची नोट निघाली. मुख्य मजकूर उर्दू, पण मोल मराठी, तेलुगू आणि कानडीतही; त्यामुळे औरंगाबादच्या मोंढ्यातील आडत्यास ती नोट परकी वाटली नसावी. सात हाली, म्हणजे निजामी, रुपयांस सहा कलदार, म्हणजे इंग्रजी, हा हिशेब आमच्याकडील जुन्या माणसांना पाढ्यासारखा मुखोद्गत असे.

या नोटा आरंभी लंडनच्या वॉटरलो अँड सन्सकडे छापल्या जात. पुढे नाशिकला छापखाना निघाल्यावर ते काम तिकडे आले. लंडनहून येणाऱ्या नोटांचा एक भार 'इजिप्त' नावाच्या आगबोटीवर होता. २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यापाशी दाट धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून ती बुडाली, आणि तिच्यावरील सोन्याचांदीबरोबर निजामाच्या, सही न झालेल्या नोटाही तळाशी गेल्या. पुढे 'आर्तिल्यो' या इटालियन जहाजावरील पाणबुड्यांनी १९३० नंतर ते सोने वर काढले, तेव्हा नोटाही वर आल्या. दशकभर खाऱ्या पाण्यात बुडालेला कागद नोट म्हणून ओळखू यावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु तळाशी उजेड नव्हता, उष्णता नव्हती, आणि मुख्य म्हणजे एकदा ओले, एकदा कोरडे हा खेळ नव्हता. आमच्याकडे ज्येष्ठात पत्रा तापतो आणि श्रावणात भिंत पाझरते. समुद्राने जे केले नाही ते शेंद्र्यातील पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट चार पावसाळ्यांत करून दाखवते.

१९३८ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा हजारांची नोट काढली. ती १९४६ मध्ये रद्द झाली, १९५४ मध्ये पुन्हा आली आणि १९७८ मध्ये पुन्हा गेली. १९६७ मध्ये काटकसरीपोटी नोटांचे आकार कमी करण्यात आले, आणि त्यानंतरच्या संग्राहकांसाठी निघालेल्या वह्यांचे कप्पे साहजिकच या नव्या, आखूड नोटांच्या मापाचे झाले. जुनी ऐसपैस नोट तेथे मावेना. मग हौशी लोकांनी ती पुन्हा दुमडली, किंवा तिला बाजारातील मऊ प्लॅस्टिकच्या थैलीत कोंबले. हे मऊ प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी. त्यास लवचीक ठेवणारी तेलकट द्रव्ये काळाने बाहेर पाझरतात, त्यातून आम्लही सुटते, आणि नोटेवर चिकट थर चढतो. नोट जपण्याच्या नावाखाली तिचा एवढा पद्धतशीर नाश खारव्याने कधी केला नव्हता.

यावरील उतारा १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनज्ञांच्या हाती गवसला होता, तो पॉलिएस्टर. त्याची पातळ, काचेसारखी फिल्म कशाशीही सहसा झोंबत नाही आणि तिच्यात पाझरून बाहेर येणारे तेल नसते, म्हणून जगातील ग्रंथालयांनी व संग्रहालयांनी तिचा अंगीकार केला. कागजीपुऱ्याच्या या जिल्ह्यात, चिकलठाणा व वाळूज येथे, गरवारे समूहाने अशाच फिल्मचे कारखाने चालवावेत, हा योगायोग मला फार आवडतो. मात्र शेंद्र्याच्या रस्त्यावरील मोटारींच्या काचांना लावली जाते ती रंगीत, लेप दिलेली फिल्म नोटेच्या कामाची नव्हे; साधी, लेपरहित आणि जराशी ताठ असावी.

त्या फिल्मचे पाकीट नोटेहून चारी बाजूंनी बोटभर मोठे कापावे व दोनच बाजूंनी जोडावे. चारी बाजू बंद केल्यास जुन्या कागदातील आम्ल आतच कोंडते. आत नोटेच्या पाठीशी आम्लरहित पुठ्ठा द्यावा आणि नोट ओढून न घालता, वरची फिल्म उचलून पुठ्ठ्यासह ठेवावी. कारण फिल्ममध्ये स्थिर विद्युत असते आणि सुटलेले पापुद्रे ती ओढून घेते. सांधलेल्या नोटेच्या बाबतीत तर हे विशेष सांभाळावे, आणि ती जुनी पट्टी सोडवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण ती सोडवताना पाठीचा अर्धा कागद तिच्याबरोबर येतो. पाकिटे आडवी, एकावर एक पाच-सहाच, उथळ पेटीत ठेवावीत. पेटी भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून वर. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे, आणि वेखंडाची पुरचुंडी ठेवायचीच असेल तर ती पेटीच्या बाहेर, कपाटाच्या खालच्या खणात ठेवावी. तिचे तेल कागदाला लागता कामा नये. दसरा उलटला की पेटी उघडून पुठ्ठ्यावर पिवळेपणा आला आहे का ते पाहावे, आणि आला असेल तर फक्त पुठ्ठा बदलावा.