भिंतीवर मावेल तेवढंच

आमच्या बारामतीत थोडक्यात लिहून पोट भरणारा पहिला नामांकित माणूस म्हणजे मोरोपंत. असं म्हटलं की मराठीचे मास्तर माझ्याकडे रागानं बघतात. बघू देत. पंतांचा जन्म पन्हाळ्यावरचा, १७२९ सालचा. पुढं बाबूजी नाईकांच्या आश्रयानं ते इथं कऱ्हेकाठी आले, पुराण सांगितलं, आर्या रचल्या आणि १७९४ साली इथंच गेले. आर्या म्हणजे दोन ओळी आणि मोजलेल्या मात्रा. एवढ्या जागेत त्यांनी अख्खं महाभारत बसवलं. रामायणं तर किती तऱ्हांची! त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लागेल असं अक्षर त्यात घ्यायचं नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. आता म बाद झाला की ‘राम’ हे नावच लिहिता येत नाही. तरी रामायण झालं. गिऱ्हाईक “अमुक शब्द नको, तमुक शब्द नको” म्हणून डोकं खायला लागलं की मला पंत आठवतात.

मी शिकलो ते मात्र भिगवण रोडवरच्या एका पेंटरच्या गाळ्यात, १९८० नंतरच्या काळात. कवी व्हायचं होतं, झालो पेंटरचा पोऱ्या. दादा, म्हणजे आमचे उस्ताद, पहिले काही महिने ब्रशला हात लावू देत नव्हते. माझं काम दोरी मारायचं. सुतळी निळीच्या भुकटीत घोळायची, भिंतीच्या दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची. फट्‌ असा आवाज आणि भिंतीवर सरळ निळी रेघ. ती शिरोरेषा. मग खाली दुसरी रेघ, अक्षराच्या पायाची. वरची जागा वेलांटी-मात्रांना, खालची उकारांना सोडायची. खरी मेख इथंच होती. तीन फुटांच्या पट्ट्यात वेलांटी आणि उकार दोन्ही आले की मूळ अक्षर दीड-पावणेदोन फुटांवर येतं. दोन्ही नसले तर तेच अक्षर जवळजवळ पट्टाभर होतं आणि एसटीतून जाणाऱ्यालाही वाचता येतं. म्हणून दादा मजकूर हातात आला की आधी वेलांट्या-उकार मोजायचे. ‘खुशखबर’ दिसलं की कपाळाला आठ्या. ‘हजर माल’ दिसलं की खूश.

मजकूर दुकानदार आणायचा तो पानभर. “प्रोप्रायटर, आमच्या येथे सर्व प्रकारची उत्तम दर्जाची शेती औषधे, खते, बी-बियाणे योग्य दरात व खात्रीशीर मिळतील, एकवार भेट देऊन खात्री करा.” दादा म्हणायचे, “शेठ, चौरस फुटाचा दर आहे. एवढं लिहायचं तर शेजाऱ्याची भिंत पण घ्यावी लागंल.” मग शेठ स्वतःहूनच काटछाट करायला बसायचा. शेवटी उरायचं ते चार शब्दांचं: खतं, औषधं, बियाणं, आणि बाजारतळासमोर. त्या चार शब्दांचा दर मात्र बिलात कुठंच नसायचा. बिल भिंतीचं, रंगाचं, मजुरीचं. मजकूर फुकट.

ही रीत जुनी. दवंडी देणारा हलगी वाजवून गावभर ओरडायचा, आणि एका दमात सांगून होईल एवढाच त्याचा मजकूर. काय, कुठं, कधी. सगळी गावं त्या एका माणसाच्या घशावर चालली, आणि त्याच्या वाट्याला काय आलं? वतनाची जमीन आणि वतनाचा जाच. १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करण्याच्या कायद्यानं तो व्यवहार कागदावर तरी मोडला. पण बोललेल्या शब्दाला वेगळा मोबदला असतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही ते नाहीच.

आपल्या शेतकऱ्यासाठी मजकूर लिहिणं हे स्वतंत्र काम आहे, हे ओळखणाऱ्यांत किर्लोस्कर पहिल्या फळीत. लक्ष्मणरावांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनतं असं लोक म्हणत. नांगर पडून राहिले. म्हणजे अडचण नांगरात नव्हती, सांगण्यात होती. १९२० साली शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून. त्याच पत्राचं पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मोठमोठे लेखक त्यात लिहू लागले. आमच्याकडं निरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला आला, पाठोपाठ ऊस आला, उसाला खोल नांगरट लागली. जाहिरात वाचून नांगर घेणारं गिऱ्हाईक याच पट्ट्यात तयार होत होतं.

तरी मला विचाराल तर या भागातल्या भिंतींनी पाहिलेली सगळ्यात चांगली ओळ कुठल्याच कंपनीची नाही, सरकारची आहे. “देवीचा रोगी कळवा, एक हजार रुपये मिळवा.” गेरूनं लिहिलेली. काय करायचं आणि त्याचं काय मिळणार, दोन्ही सांगून मोकळी. यमक असं की निरक्षर माणसाच्याही तोंडात बसावं. देशातला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये तिकडं आसामात सापडला, पण ती अक्षरं आमच्या चावड्यांवर पुढं कितीतरी वर्षं होती. लिहिणारा कोण? ठाऊक नाही. नाव असायची चालच नव्हती.

निवडणुकीत पेंटरची चैन असायची. १९६७ साली शरद पवार बारामतीतून पहिल्यांदा विधानसभेवर गेले, तेव्हा दादा पोरसवदा होते. निवडणूक चिन्हाची बैलजोडी काढून काढून हात असा बसला होता की अंधारातसुद्धा वशिंड चुकायचं नाही, असं सांगायचे. चित्र आधी, नाव नंतर, आणि आश्वासन जागा उरली तर. जेठात तुकोबांच्या पालखीचं काम. बारामती, काटेवाडी, बेलवाडी, इंदापूर, वाटेतल्या प्रत्येक गावाला स्वागताचं कापड लागायचं. तिथं कल्पकतेला वाव नाही. ‘हार्दिक’चा रफार नीट आला म्हणजे झालं.

मग १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आला, आणि दोन हजार सालानंतर फ्लेक्स. फ्लेक्सवर अक्षराला काही किंमतच नाही. चार शब्द छापा की चाळीस, बिल तेवढंच. झालं, सगळा पानभर मजकूर परत आला आणि उरलेल्या जागेत वाढदिवसाचे चेहरे. दादांनी गाळा भाड्यानं दिला. मी एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि हँडबिलं लिहायला लागलो. एका गिऱ्हाइकानं माझ्या ओळीवर तीन हंगाम बियाणं विकलं आणि मला दिवाळीला मिठाईचा पुडा दिला. पुडा चांगला होता.

आता माझी पुतणी हेच काम करते. एमआयडीसीतल्या दूधवाल्यांसाठी, इंदापूरच्या डाळिंबवाल्यांसाठी मोबाईलवरच्या दोन-दोन ओळी. परवा म्हणाली, “काका, ‘अधिक वाचा’ यायच्या आत सगळं बसलं पाहिजे.” मी म्हटलं, भिंत किती फुटी आहे तुझी? तिनं अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. मग आम्ही दोघांनी बसून एका डेअरीच्या तुपाची ओळ अकरा शब्दांवरून पाचावर आणली. मालकाचा फोन आला, “पाच शब्दांचे एवढे पैसे?” माझ्या तोंडात “राहू द्या, शेठ” आलंच होतं. तिनं फोन माझ्याकडून काढून घेतला, दर ओळीमागं असतो म्हणून सांगितलं, आणि निम्मे आगाऊ मागितले.