प्लवकांच्या पोटातील प्लॅस्टिक : एका शोधाचा इतिहास

समुद्राच्या पाण्यात तरंगत प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जीवांना प्लवक म्हणतात. त्यांपैकी कोपेपॉड हे बहुधा एक-दोन मिलिमीटर लांबीचे कवचधारी जीव वनस्पतिप्लवकांवर जगतात आणि स्वतः माशांच्या पिल्लांचे भक्ष्य होतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिककण, म्हणजेच सूक्ष्मप्लॅस्टिक, यांच्या पोटात जाते का, हा प्रश्न एकविसाव्या शतकात ऐरणीवर आला असला, तरी त्याच्या उत्तराची सामग्री कित्येक दशके अभ्यासकांच्या हाताशीच होती.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी तयार केलेले प्लवकांची सलग नोंद घेणारे यंत्र १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे ओढले जाऊ लागले. जहाजाच्या वेगाने यंत्राचा पंखा फिरे, त्याबरोबर रेशमी जाळीची पट्टी हळूहळू पुढे सरके, पाण्यातील प्लवक तिच्यावर अडकत आणि दुसऱ्या रेशमी पट्टीखाली दाबले जाऊन फॉर्मॅलिनच्या टाकीत गुंडाळले जात. हेतू होता माशांच्या अन्नाचा नकाशा काढण्याचा. परंतु या रेशमावर प्लवकांबरोबर पाण्यातले इतर कणही बसत होते आणि तेही जपले जात होते.

१९७२ मध्ये एडवर्ड कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील पाण्यात पॉलिस्टायरिनचे बारीक गोळे सापडल्याचे आणि तपासलेल्या १४ जातींच्या माशांपैकी ८ जातींच्या पोटात ते असल्याचे नोंदवले. त्याच दशकात कोपेपॉड कोणत्या आकाराचे अन्न निवडतात हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत त्यांना मुद्दाम प्लॅस्टिकचे मणी खाऊ घातले जात होते. हे जीव प्लॅस्टिक गिळतात हे म्हणजे प्रयोगाने सिद्धच झाले होते. मात्र मण्याकडे मोजमापाचे साधन म्हणून पाहिले जात असल्यामुळे, खुल्या समुद्रातही हेच घडत असेल का, ही शंका फारशी पुढे आली नाही. उणीव उपकरणांपेक्षा प्रश्नाचीच अधिक होती.

तो प्रश्न प्लिमथ येथील रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये विचारला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील सागरी मार्गांवरच्या जुन्या रेशमी पट्ट्या त्यांनी पुन्हा उलगडल्या, त्यांवरील संशयास्पद तंतू वेगळे केले आणि अवरक्त किरणांचे शोषण मोजून पदार्थाची रासायनिक ओळख पटवणाऱ्या पद्धतीने ते तपासले, तेव्हा १९६०च्या दशकापासून प्लॅस्टिकचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे दिसून आले.

प्रत्यक्ष जीवाच्या आत पाहण्याचे काम २०१३ मध्ये मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी केले. चकाकणारे पॉलिस्टायरिनचे मणी दिल्यावर प्राणिप्लवकांच्या तपासलेल्या १५ गटांपैकी १३ गटांनी ते गिळले. पारदर्शक शरीरातून आतड्यात ओळीने बसलेले मणी स्पष्ट दिसत होते आणि पुढे ते विष्ठेच्या गोळ्यांतून बाहेरही पडत होते. त्याहून बारीक कणांसाठी रामन परिणामावर आधारलेले सूक्ष्मदर्शन वापरले गेले. रेणूंवर आदळून विखुरलेल्या प्रकाशाच्या काही अंशाची तरंगलांबी त्या रेणूंच्या कंपनांनुसार बदलते, त्यामुळे रंग न लावताही प्लॅस्टिक ओळखता येते. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे प्रकाशविकिरणाचे संशोधन समुद्राच्या निळाईच्या कुतूहलातूनच बहरले होते, आणि १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना त्यांनी त्या विषयावरचे टिपण ‘नेचर’ नियतकालिकाकडे मुंबई बंदरातून पाठवले होते. त्यांच्या पद्धतीने पुन्हा समुद्राचीच तपासणी व्हावी, हा योग मोलाचा वाटतो.

नैसर्गिक नमुन्यांत मात्र मणी चकाकत नाहीत. तेथे जीवाचे मांस विरघळवून प्लॅस्टिक तेवढे मागे ठेवावे लागते, आणि खरी अडचण येथेच आहे, कारण तीव्र आम्लाने मांसाबरोबर नायलॉनही नष्ट होते. म्हणून कोल यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रथिने तोडणाऱ्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, पद्धत मांडली. २०१५ मध्ये ईशान्य प्रशांत महासागरातील प्राणिप्लवकांच्या अभ्यासात सरासरी ३४ कोपेपॉडमागे एक आणि कोळंबीसारख्या दिसणाऱ्या १७ क्रिलमागे एक प्लॅस्टिककण आढळला. तेथे नायट्रिक आम्ल वापरलेले असल्यामुळे, मासेमारीच्या जाळ्यांतून सुटणारे नायलॉनचे तंतू त्या मोजणीतून निसटले असण्याचा संभव लक्षात घेता, हे आकडे किमान मर्यादा म्हणूनच वाचणे योग्य ठरते.